मागे काय आलं : जाणत्या स्वप्नांची वही

१ डिसेंबर २०२४, रविवार

आजपासून वही सुरू. पोरगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेऊन. प्रकल्पाला तिने ल्युसिड ड्रीम हा विषय घेतलाय, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं. अशी स्वप्नं पडणारा माणूस तिला हवा होता, तो घरातच निघाला. मला ती लहानपणापासून पडतात. त्यांना नाव असतं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी पोरीकडून कळलं. फ्रेडरिक व्हॅन एडन नावाच्या डच डॉक्टरने १९१३ मध्ये ते नाव रूढ केलं. ती अहवालात ‘सजग स्वप्न’ लिहिणार आहे. मी जाणतं स्वप्न म्हणतो. जाणता माणूस म्हणतो ना आपण, तसं.

तिची नोंद वेगळी आणि ही माझी. किती वाजता, किती वेळा, कशामुळे कळलं हे तिला हवंय. मला लिहायचंय ते कळल्यानंतर मी काय केलं त्याबद्दल. कळलेलं नसताना माणसाने स्वप्नात काहीही करावं, त्याला कोण विचारणार? पण ‘इथं काहीच खरं नाही, मला हवं ते करता येईल’ हे पुरतं उमगल्यावर जे करतो, ते मी ठरवून करतो. ते माझ्या नावावर मांडायचं की नाही?

जॅकार्डच्या, म्हणजे कापडातच विणल्या जाणाऱ्या नक्षीच्या, डिझाइनचं काम करतो, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय हात चालत नाही. तारीख, कशामुळे कळलं, काय ठरवलं, सकाळी काय वाटलं. चार रकाने.

४ डिसेंबर, बुधवार

अजून एकही स्वप्न नाही. पोरीने सांगितलेलं उतरवून ठेवतो.

लोकांनी नुसतं सांगितलं म्हणून शास्त्रज्ञांनी हे मान्य केलं नव्हतं. ज्या झोपेत ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेत हातपाय लुळे पडलेले असतात, पण डोळे हलतात. याच गोष्टीचा उपयोग झाला. इंग्लंडातल्या हल विद्यापीठात किथ हर्न यांनी १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी अ‍ॅलन वर्स्ली या माणसाचे डोळे नोंदवले. त्याने झोपेतूनच, आधी ठरवल्याप्रमाणे, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण दिली. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही तेच सिद्ध केलं. २०२१ मध्ये तर झोपलेल्या माणसाला बाहेरून ‘आठातून सहा गेले किती’ असं विचारलं, आणि त्याने स्वप्नातून डोळ्यांनीच दोन असं उत्तर दिलं.

म्हणजे आत बसलेला माणूस हिशेब करू शकतो, ठरलेली गोष्ट आठवून ती पाळू शकतो. जो ठरलेली खूण पाळतो त्याला ‘झोपेत होतो’ एवढं म्हणून सुटता येईल असं मला वाटत नाही. हा पहिला मुद्दा.

९ डिसेंबर, सोमवार

पहाटे पाचच्या सुमारास. जुन्या मालकाच्या ऑफिसात उभा होतो. त्यांनी बारा वर्षांपूर्वी माझा तीन महिन्यांचा पगार ठेवून घेतला तो कायमचाच. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते, पुन्हा बघितलं तर सव्वाचार. कळलं.

काय ठरवलं: थांबलो. दार उघडं होतं, बाहेर जाता आलं असतं. मनात स्पष्ट आलं की हे ते नाहीत, यांना लागणार नाही, कुणाला कळणारही नाही. मग पुढे होऊन त्यांच्या कानाखाली मारली. जोरात.

सकाळी काय वाटलं: हलकं. अंघोळ करताना गाणं म्हटलं असं बायको सांगते.

१२ डिसेंबर, गुरुवार

हे लिहायला जड जातंय. कारखान्यात नवीन पोरगा फाइल तयार करतो. एक चौकट चुकली की चादरीवरच्या मोराची मान तुटते, आणि काल मान तुटलेल्या अकरा चादरी निघाल्या. मी त्याच्यावर ओरडलो, त्याबद्दल मला काही वाटत नाही, पण माझा हात वर गेला. लागला नाही, खाली आला. पण वर गेला. वीस वर्षांत मी कामावर कुणावर हात उगारलेला नाही.

रात्री पोरीला सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, एका हातावरून निष्कर्ष काढू नका.” बरोबर आहे तिचं. मग तिनेच एक प्रयोग सांगितला. डॅनियल एर्लाखर आणि मायकेल श्रेडल यांनी २०१० मध्ये लोकांना पेल्यात नाणं टाकायला लावलं. काहींनी रात्री जाणत्या स्वप्नात त्याचा सराव केला, आणि सकाळी त्यांचा नेम सुधारलेला दिसला. छोटाच प्रयोग आहे, पण नेम स्वप्नातून बाहेर येतो.

नाण्याचा नेम येत असेल तर थपडेचा का येणार नाही?

१५ डिसेंबर, रविवार

आमच्या सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन आलो. शाळेत संस्कृत शिकवायचे ते सर तिथे रविवारी भेटतात. त्यांना सगळं सांगितलं, थपडेसकट. त्यांनी बृहदारण्यक उपनिषद काढलं. चौथा अध्याय, तिसरं ब्राह्मण, याज्ञवल्क्य आणि जनक यांचा संवाद.

तिथे स्वप्नाबद्दल दोन गोष्टी आहेत. तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. तो स्वतःच रथ, घोडे, रस्ते निर्माण करतो. ‘स हि कर्ता’. कर्ता तोच. थोडं पुढे म्हटलंय की तो तिथे रमून, फिरून, पुण्य आणि पाप नुसतं बघून परत येतो, आणि तिथे जे बघितलं त्याने तो ‘अनन्वागत’ असतो.

या शब्दावर सरांनी मला अर्धा तास बसवून ठेवलं. अनु म्हणजे मागून, आगत म्हणजे आलेलं. अनन्वागत म्हणजे ज्याच्या मागे काही आलं नाही असा. स्वप्नातलं पापपुण्य त्याच्या मागे मागे जागेपणात येत नाही. मी म्हटलं, “सर, पण माझ्या मागे तर आलं.” सर म्हणाले, “याज्ञवल्क्य आत्म्याबद्दल बोलतायत, तुझ्या हाताबद्दल नाही. हात तुझा तू सांभाळ.” ते हसत नव्हते.

घरी येऊन चौथा रकाना खोडला. ‘सकाळी काय वाटलं’ यात काही दम नव्हता, थपडेच्या सकाळी तर मला छानच वाटलं होतं. आता तिथे लिहिलंय: मागे काय आलं.

२२ डिसेंबर, रविवार

अप्पा दिसले. माझे वडील.

हे नीट लिहिण्यासाठी मागचं सांगायला हवं. आमच्या घरात खड्डामाग होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग. अप्पा त्यावर नऊवारी लुगडी विणायचे. आजूबाजूला सगळीकडे यंत्रमाग आल्यानंतरही, नुकसान सोसून, ते विणत राहिले. २००९ च्या आषाढीला ते पंढरपूरला गेले असताना मी माग विकला. वखारवाल्याने लाकडाचे अठराशे रुपये दिले. खड्डा राडारोड्याने बुजवला, वर फरशी घातली. मला कॉम्प्युटर ठेवायला जागा हवी होती. अप्पा परत आले, दारात पिशवी ठेवली, खोलीकडे बघितलं आणि म्हणाले, “जागा मोकळी झाली बघ.” बस. २०१६ मध्ये गेले तोपर्यंत या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. विचारणाऱ्यांना मात्र सांगायचे, “मीच काढला, गुडघे चालेनात.” बायकोलाही तेच माहीत आहे, माझी बहीण आक्का, तिलाही तेच.

आता तिथे पोरीचं टेबल आहे. आज पहाटे तिथे माग होता. अप्पा खड्ड्यात पाय सोडून बसलेले, धोटा इकडून तिकडे चाललेला. मला कळलं ते त्यानेच. माग आहे म्हणजे हे स्वप्न आहे. तो विकला गेला हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

काय ठरवलं: जाणत्या स्वप्नात माणसाकडून काही बोलवून घ्यायला हुकूम द्यावा लागत नाही. तो आता अमुक म्हणणार असं मनात पक्कं धरलं की तो म्हणतो. मी ते धरलं. अप्पांनी धोटा थांबवला, वर बघितलं आणि म्हणाले, “जाऊ दे रे. मी कधीच विसरलो.”

मागे काय आलं: रडून उशी ओली. दिवसभर छाती मोकळी. वाईट काही नाही असं आज वाटतंय.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, पोरीच्या टेबलाखालची फरशी खचलीय. मी म्हटलं, “खाली खड्डा आहे ना. अप्पा मला म्हणालेच होते, जाऊ दे…” आणि थांबलो.

कधी म्हणाले होते? अर्धा क्षण मी खरोखर ते वर्ष शोधत होतो. ते आजारी पडले तेव्हा? पोरीच्या वाढदिवसाला? आवाज आठवत होता, वर बघतानाची मान आठवत होती. मग आठवलं की ते वाक्य मी लिहिलेलं आहे.

मी घाबरलो. थपडेपेक्षा हे कितीतरी मोठं आहे. थपड मारली तेव्हा तिथे कुणी नव्हतं, जुने मालक आपल्या घरी झोपलेले होते, त्यांचं काही गेलं नाही. अप्पांचं गेलं. माणूस गेल्यावर तो जेवढा उरतो तेवढा आपल्या आठवणीतच उरतो, आणि माझ्या आठवणीतल्या अप्पांकडे सात वर्षांचं मौन होतं. त्यांनी ते कशासाठी धरलं मला माहीत नाही. राग असेल, माया असेल, कदाचित मला शिक्षाही असेल. ते त्यांचं होतं. मी ते पुसून तिथे माझ्या सोयीचं वाक्य घातलं आणि खाली त्यांची सही केली. माग विकला तेव्हाही ते घरात नव्हते.

पोरीला हे सांगितलं नाही. तिच्या तक्त्यात ‘मृत नातेवाईक, सकारात्मक’ अशी नोंद आहे.

५ जानेवारी, रविवार

तीन दिवस ज्याला त्याला विचारत सुटलोय.

बायको (वाक्याचं न सांगता विचारलं): “हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी देऊन टाकलं. मोजायचं तर असं मोजावं.” लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण आज तिच्यात वेगळंच दिसलं. हरिश्चंद्राला स्वप्न पडत असताना ते स्वप्न आहे हे माहीत नव्हतं. न कळता दिलेला शब्दही त्याने पाळला. मग कळून केलेल्या गोष्टीतून अंग काढून घेणारा मी कोण?

सूत आणतो ते शेठ श्वेतांबर जैन आहेत. त्यांच्याकडे सकाळच्या प्रतिक्रमणात, म्हणजे दोषांची कबुली देण्याच्या विधीत, वाईट स्वप्नांसाठी वेगळा काउसग्ग (शरीर स्थिर ठेवून करायचं ध्यान) असतो, कुसुमिण-दुसुमिणचा. कळून की न कळून असा भेद करता का, म्हणून विचारलं. म्हणाले, “आम्ही रोजच करून टाकतो, मग भेद कशाला ठेवायचा.” रोजच्या हिशेबाचा माणूस, त्याला शोभेल असंच उत्तर. मला ते आवडलं, पण माझं काम त्याने होत नाही.

सगळ्यात उपयोगी पडला तो कारखान्यातला मित्र. नेमाने विहारात जातो, विनयपिटकाचा अभ्यास आहे. भिक्खूंच्या नियमांत वीर्यपाताचा एक दोष आहे, त्यातून स्वप्न वगळलंय. भिक्खूंना प्रश्न पडला होता की स्वप्नातही माणसाचा हेतू असतोच की. त्यावर बुद्धांनी हेतू नसतो असं सांगितलं नाही. चेतना आहे, पण ती ‘अब्बोहारिका’ आहे, म्हणजे व्यवहारात धरण्याजोगी नाही, असं सांगितलं. मित्र म्हणाला, “ते साध्या स्वप्नाबद्दल. तू तर म्हणतोस तुला लख्ख कळत होतं.” मग थोड्या वेळाने, डबा बंद करताना, “आणि तू ती व्यवहारात आणलीसच ना? बायकोसमोर.”

हो. आणली.

पोरीने संध्याकाळी सेंट ऑगस्टीनचं सांगितलं. सोळाशे वर्षांपूर्वी तोही देवाला विचारत होता, झोपेत मी मी नसतो का? त्याला झोपेतल्या वासनेची लाज वाटायची. त्याचं दुःख मला समजतं, पण आमची तक्रार सारखी नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध व्हायचं. माझ्याकडून झालं ते माझ्या इच्छेने.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. सिद्धेश्वरांची अक्षता. बाराबंदी घालून अप्पा नेहमी यायचे, मी आज पोरीला घेऊन गेलो. संमती कट्ट्याजवळ पोचणं शक्यच नव्हतं, लांबून नंदीध्वजांची टोकं तेवढी दिसली. कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागलं, त्याचा हा सोहळा. आधी संमती वाचली जाते, मग अक्षता पडतात. हजारो माणसं हातात तांदूळ धरून त्या वाचनासाठी थांबलेली असतात. कानडी, तेलुगू, मराठी, सगळी.

मूठ वर धरून उभा असताना लक्षात आलं. स्वप्नात मी अप्पांची संमती घेतली नाही असं मी गेले दहा दिवस स्वतःला सांगतोय. पण ती घेता येतच नाही. विचारलं असतं तर ‘हो’ कोण म्हणालं असतं? मीच. तिथे हो म्हणायला दुसरा कुणी नाही. म्हणजे जाणत्या स्वप्नात ज्या गोष्टीला दुसऱ्याची संमती लागते ती गोष्ट करायचीच नाही, एवढं तरी ठरवता येईल. माफी ही तशी गोष्ट आहे. उडणं, पाण्यावर चालणं, तलावावरून घिरट्या घालणं यांना कुणाची संमती लागत नाही.

अक्षता टाकायला मला उशीर झाला. पोरीने कोपराने ढकललं.

२३ जानेवारी, गुरुवार

पहाटे चारला गजर लावून उठलो, वीस मिनिटं बसलो, पुन्हा झोपलो. झोपेच्या शेवटच्या प्रहरात स्वप्नं लांबतात म्हणून पोरीने शिकवलेली रीत आहे. रोज करू नये, दुसऱ्या दिवशी मान ताठ राहत नाही.

माग दिसला, कळलं, अप्पा होतेच.

काय ठरवलं: काहीही मनात धरायचं नाही. हे फार कठीण गेलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की इच्छा आपोआप तयार होते, म्हणून मी सुताकडे बघत राहिलो. पाऊल टॉली या जर्मन मानसशास्त्रज्ञाने जाणत्या स्वप्नांतल्या माणसांना गणितं घालायला लावली होती, आणि ती माणसं हिशेबात कच्ची निघाली. पोरीचा आग्रह होता की एकदा करून बघा. मी अप्पांना विचारलं, “तुमच्या फणीत इंचाला किती घरं होती?”

फणी म्हणजे मागाचा कंगवा, आणि तिच्या दातांमधल्या फटी म्हणजे घरं. खऱ्या अप्पांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्यांचं आयुष्य त्या घरांतून एकेक तार ओढण्यात गेलं. हे अप्पा म्हणाले, “तूच सांग.”

मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही ते यांना माहीत असणार कसं? मी त्यांच्याशेजारी खड्ड्याच्या काठावर बसून कांड्या भरल्या. ते विणत होते. कुणी काही बोललं नाही.

मागे काय आलं: एक प्रश्न. इंचाला किती घरं?

२ फेब्रुवारी, रविवार

आक्काला अक्कलकोटला फोन केला. सोळा वर्षं जी गोष्ट सांगितली नव्हती ती सांगितली. माग अप्पांनी काढला नाही, मी विकला, ते पंढरपूरला असताना.

आक्का म्हणाली, “ठाऊक आहे की मला.”

पंढरपूरहून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अप्पांनी तिला बोलावून घेतलं होतं. रागावलेले दिसले नाहीत, म्हणाली. वखारीत जा आणि फणी तरी मिळते का बघ, एवढंच म्हणाले. लाकूड फाडून झालं होतं, फणी कोपऱ्यात पडलेली होती. वखारवाल्याने पैसेही घेतले नाहीत. “घरात आणू नको, त्याला दिसेल, म्हणून अप्पांनी माझ्याकडेच ठेवायला लावली.”

मी विचारलं, अजून काही म्हणाले का. माझ्याबद्दल.

“नाही रे. काहीच नाही.”

हे पोरीलाही सांगितलं, पहिल्यापासून. तिने तक्त्यातली २२ डिसेंबरची नोंद खोडली आणि बाजूला ‘वाक्य वडिलांचं नाही’ असं लिहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आक्का एस.टी.ने आली. फणी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. पोरीने टेबल रिकामं केलं, मी पट्टी आणि कारखान्यातलं भिंग घेतलं. पहिल्यांदा मोजताना चुकलो, दुसऱ्यांदा पोरीने सुईचं टोक धरून मोजायला मदत केली.

इंचाला बत्तीस घरं. एका घरात दोन तार धरले तर चौसष्ट. डाव्या टोकाजवळ दोन दात वाकलेले आहेत, तिथे अप्पांनी सुताने घट्ट बांधून घेतलंय.